परीक्षणाचे परीक्षण

(स्थळ : महाविद्यालयातील मराठी विभाग. नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाचे परीक्षण घेऊन एक विद्यार्थी एका प्राध्यापकांसमोर उभा आहे. उभयतांची ग्रांथिक मराठीवरील निष्ठा अढळ असल्यामुळे संभाषणात प्रथमपुरुषाला स्थान नाही.)

प्राध्यापक : या परीक्षणात छायाचित्रण अप्रतिम, अभिनय अप्रतिम आणि संकलन तर ‘अतिशय अप्रतिम’ ठरले आहे. एकाच विशेषणाचा इतका व्यापक विनियोग कशासाठी?

विद्यार्थी : कोणत्याही विभागावर अन्याय होऊ नये, या भावनेतून समान वाटप करण्यात आले, सर.

प्राध्यापक : परीक्षण म्हणजे सत्कार समारंभ नव्हे. थोडक्यात सांगायचे तर, चित्रपटाने काय साधू पाहिले, ते कोणत्या साधनांनी साधले आणि कितपत साधले, या तीन प्रश्नांची पुराव्यानिशी दिलेली उत्तरे म्हणजे परीक्षण असून, विशेषण हा त्या पुराव्यातून निघणारा निष्कर्ष असतो, पुराव्याच्या जागी ठेवण्याची वस्तू नव्हे.

विद्यार्थी : पुरावा म्हणून संपूर्ण कथानक दिलेले आहे. आठपैकी सात परिच्छेद त्यालाच वाहिले आहेत.

प्राध्यापक : कथानक, म्हणजे घडलेल्या घटनांचा क्रम, वाचकाला संदर्भापुरताच हवा असतो. कैकाडी कुटुंबातील जब्या या शाळकरी मुलाचे वरच्या जातीतील शालूवर मन जडते आणि गावातली डुकरे पकडण्याचे काम मात्र त्याच्या घरच्यांच्या माथी मारले जाते, एवढे सांगितले की पुरे.

विद्यार्थी : मग उरलेल्या परिच्छेदांत काय भरावे?

प्राध्यापक : पडद्यावर जे दिसले आणि ऐकू आले, ते. उदाहरणार्थ, संकलन, म्हणजे चित्रित तुकड्यांची निवड, क्रम आणि लांबी ठरवण्याची प्रक्रिया, येथे ‘कमालीचे वेगवान’ असल्याचे म्हटले आहे. या विधानाला आधार काय?

विद्यार्थी : चित्रपट मोबाइलवर दीडपट वेगाने पाहण्यात आला.

(प्राध्यापक चष्मा काढून पुसतात.)

प्राध्यापक : थोडक्यात सांगायचे तर, एखादे दृश्य पडद्यावर किती वेळ राहते, हाही दिग्दर्शकाचाच निर्णय असतो, आणि डुकराचा तो लांबत जाणारा पाठलाग, शाळेतल्या मुलांच्या नजरा चुकवणाऱ्या जब्याची कुचंबणा प्रेक्षकालाही असह्य व्हावी, अशा बेताने लांबवलेला असल्यामुळे, तो घाईने उरकणाऱ्याने चित्रपटाचा युक्तिवादच गाळला, असे म्हणावे लागते.

विद्यार्थी : पाठलागाच्या मध्येच राष्ट्रगीत सुरू होते, तेवढा भाग मात्र मूळ वेगाने पाहिला. राष्ट्रगीत दीडपट वेगाने लावणे उचित वाटले नाही.

प्राध्यापक : तेथे काय दिसले?

विद्यार्थी : शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच हाताशी आलेले डुक्कर सोडून सारे कुटुंब स्तब्ध उभे राहते आणि डुकराला तसा नियम नसल्यामुळे ते निघून जाते, म्हणजे ज्यांना गाव माणसांत धरत नाही, तेच राष्ट्राचा मान पदरमोड करून राखतात.

प्राध्यापक : हे परीक्षणात का आले नाही?

विद्यार्थी : आले आहे, सर. चौथ्या पानावर ‘अप्रतिम’ असे लिहिले आहे.

प्राध्यापक : तो शब्द खोडून आत्ताचे वाक्य लिहावे, कारण त्यात वर्णन, म्हणजे दृश्यात काय आहे, आणि अर्थनिर्णय, म्हणजे त्यातून काय सूचित होते, ही दोन्ही अंगे आली आहेत. थोडक्यात सांगायचे तर, ध्वनी असो वा अभिनय, हीच रीत सर्वत्र लागू पडते, इतकी की चित्रपटाला कंटाळवाणा म्हणणाऱ्यानेही तो कोणत्या दृश्यात आणि कशामुळे कंटाळवाणा झाला हे दाखवून द्यावे, आणि शेवट मात्र, म्हणजे जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या, अर्थात पाहणाऱ्याच्याच दिशेने येतो ही गोष्ट, ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासमोर कदापि उघड करू नये.

विद्यार्थी : शेवटची दहा मिनिटे पाहायची राहिली होती, सर.

(प्राध्यापक चष्मा पुन्हा काढतात, परंतु तो आधीच स्वच्छ असतो.)

प्राध्यापक : असो. सराव म्हणून कोणत्याही एका विषयाचे सप्रमाण परीक्षण दोन वाक्यांत करून दाखवावे.

विद्यार्थी : प्रस्तुत मार्गदर्शनाचा आशय मोलाचा असला, तरी त्याची गती संथ आहे, कारण ‘थोडक्यात’ हा शब्द त्यात तीनदा आला असून प्रत्येक वेळी त्यामागून आधीच्यापेक्षा लांब वाक्य आले आहे. शिवाय शेवट उघड करू नये हा नियम ज्या वाक्यात सांगितला, त्याच वाक्यात तो मोडला गेल्याने उत्तरार्धाची परिणामकारकता उणावली आहे.

प्राध्यापक : वर्णन अचूक, अर्थनिर्णय सप्रमाण. दहापैकी सात गुण.

विद्यार्थी : आणि तीन गुण कोणत्या दृश्यात कापले गेले, याचा पुरावा मिळू शकेल काय?