पोट्टं बोंबलतं ठेवावं कसं? (फक्त नवशिक्यांसाठी)

अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती या पट्ट्यात ज्यांच्या घरी दोन-अडीच वर्षांचं लेकरू आहे आणि त्याने दिवसातून निदान चारदा गडाबडा लोळून गल्ली गोळा करावी अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. मायबापांसोबत मामा, आत्या, आबाजी यांनाही वापरता येईल. अनुभवाची अट नाही. बहुतेक घरांत हे काम आपोआपच चालतं, आम्ही त्याला थोडी शिस्त लावून देतो इतकंच.

सुरुवात ऐकू न येण्यापासून करावी. लेकरू आल्याआल्या कधीच बोंबलत नाही, आधी ते हळूच येतं. समजा मे महिना आहे. अकोल्याचा पारा 45 च्या वर गेलाय, कूलर घरघरतोय आणि तुम्ही फोनवर साळ्याशी तुरीच्या भावाचं बोलून राहिले आहात. ते तुमचा पायजमा ओढतं. माठाकडे बोट दाखवतं. "पाई" म्हणतं, म्हणजे पानी. नवशिका इथेच फसतो आणि उठून पाणी देतो. तसं करू नका. त्याच्याकडे न बघता "थांब ना रे बाबू" म्हणा आणि तुरीकडे वळा. ते पुन्हा म्हणेल, जरा मोठ्याने. मग तुमची चप्पल फेकेल. शेवटी फरशीवर आडवं होऊन टाचा आपटायला लागलं की मात्र क्षणाचाही उशीर नको. फोन टाका, धावा, उचलून घ्या, "काय पायजे माह्या राजाले?" असं लाडाने विचारा आणि पाणी, बिस्कीट, मोबाइल तिन्ही एकदम द्या. बोटाने आणि शब्दाने काही मिळत नाही, टाचांनी घर हलतं, एवढं त्याला त्या दुपारी कळतं. पोट्टं हुशार असतं. पुढच्या वेळी ते माठापाशी वेळ घालवणार नाही.

एवढ्याने भागत नाही, कारण ठरावीकपणा घातक असतो. लोळण घेऊन कधीच काही मिळालं नाही तर लेकरू काही दिवसांनी कंटाळून तो नाद सोडून देतं. म्हणून कधी द्यायचं, कधी नाही. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे कबुतरांवर पाहून ठेवलंय. दाणा बेभरवशाने, अधूनमधून मिळत राहिला की कबुतर चोच मारणं सोडतच नाही, नंतर दाणा बंद केला तरी कितीतरी वेळ मारत राहतं. हे साधायला अमरावतीत नवरात्रासारखा मोका नाही. गांधी चौकातून अंबादेवीकडे निघा. पहिल्या दुकानी पिपाणी मागितली, नाही म्हणा. दुसऱ्या दुकानी डोळे वटारा. तिसऱ्या दुकानी ते रस्त्यात बसकण मारेल, तरी ठाम राहा. चौथ्या दुकानापाशी सोबतची आत्या म्हणेल, "देऊन टाक ना त्याले, लोकं पाहून रायले." आता द्या. 'लोकं पाहून रायले' या वाक्यापुढे वऱ्हाडात भलेभले हरले आहेत, तुम्ही कोण?

काही लेकरं एवढं करूनही बोलतच राहतात. त्यांच्यासाठी व्याकरण आहे. ते म्हणालं, "मले पानी पायजे." तीन शब्दांचं पूर्ण वाक्य! पेला भरून द्यायचा मोह होईल. आवरा. "मले नाही, मला. पायजे नाही, हवंय. आणि कॉन्व्हेंटात काय म्हणायचं? वॉटर. बोल, वॉटर." तहानलेल्या लेकराची तोंडी परीक्षा घेतली की ते एकतर गप्प बसतं नाहीतर चावतं, आपल्याला दोन्ही चालेल. मेळघाटातल्या कोरकू लेकरावर तर हा प्रयोग आणखी फळतो. त्याची भाषा मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातंच नाही. तिथे लेकराचं ऐकून घेणारं माणूस कोरकू जाणणारं नसलं की पुढचं सगळं बिनबोभाट होतं.

आता धोक्याच्या माणसांविषयी. सगळ्यात मोठा धोका म्हणजे आजी. सगळ्या आज्या नव्हेत, काही तर आपल्याच पक्षाच्या असतात, पदरात गोळ्या बाळगतात. पण एखादी निघते. लेकरू कुरकुरायला लागलं की ती खाली बसते, पार त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. एका हातात पेला, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. "काय पायजे? पानी का भाकर?" एवढं विचारून ती गप्प राहते. हे गप्प राहणं फार वाईट. आपण एका दमात सात प्रश्न विचारतो, त्यामुळे लेकराला उत्तराची पाळीच येत नाही. ही थांबते. ते पेल्याला हात लावतं. "पानी. पानी दे," ती त्याच्या वतीने म्हणते आणि लगेच देते. 'पाई' म्हणालं तरी देते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग 'नको', 'झालं', 'दुखते', 'घे मले' असे बारके बारके शब्द ती त्याच्या खिशात भरत जाते. जिभेला जमत नसेल तर हाताची खूण शिकवते. आणि ते लोळत असेल तेव्हा? तेव्हा काहीच शिकवत नाही. डोकं खाटेच्या पायावर आपटू नये म्हणून मधे उशी सरकवते आणि बाजूला डाळ निवडत बसते. तुम्ही रागावून काही बोललात तर म्हणते, "रडताना नाई शिकत बाप्पा कोनी. उगी होऊ दे." असल्या बाईला लेकरापासून दूर ठेवा.

तिचे हस्तक परदेशातही आहेत. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी 1985 मध्ये वाढीत अडथळा असलेल्या चार मुलांसोबत हेच केलं. आदळआपट नेमकी कशासाठी चाललीय ते आधी शोधलं. अवघड काम समोर आलं की बिथरायचं, त्या मुलाला 'मला समजलं नाही' म्हणायला शिकवलं. कोणीतरी लक्ष द्यावं म्हणून दंगा व्हायचा, तिथे 'मी नीट करतोय ना?' असं विचारायला शिकवलं. गरजेला जुळणारं वाक्य मिळालं तिथे दंगा ओसरला, न जुळणारं दिलं तिथे नाही. आपण यातून धडा घ्यायचा तो असा: कारण शोधूच नका. झोप आली, बिस्कीट द्या. शर्टाचं लेबल टोचलं, बिस्कीट द्या. पाहुण्यांच्या गर्दीला भ्यालं, त्यालाही बिस्कीट.

घरचा धोका तर आणखी जुना. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक अमरावतीच्या एका वकिलाशी लग्न होऊन या बाजूला आल्या होत्या. 1921 मध्ये घटस्फोट झाला, पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या आणि लहान मुलाला धाक आणि लालूच न दाखवता वाढवायचं, हे उभ्या महाराष्ट्राला सांगत सुटल्या. बोर्डी-कोसबाडला तर शाळाच उचलून लेकरांच्या अंगणात नेली. 1962 मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषणही दिलं. अमरावतीत जास्त दिवस राहिल्या असत्या तर आपलं काही खरं नव्हतं.

एक काळजी आवर्जून घ्या. दोन वर्षांचं झालं तरी लेकरू दोन शब्द जोडत नाही, पाठीमागून हाक मारली तर वळत नाही, बोलायला येत होते ते शब्दही हरवत चाललेत, अशा वेळी कोणीतरी कान तपासा म्हणेल. अमरावतीत इर्विन रुग्णालय आहे, अकोल्यात सर्वोपचार आहे, हेही सांगेल. त्याला लगेच ऐकवा, "याचा बापही चार वर्षांचा झाल्यावर बोलला." हे वाक्य हाताशी असलं की दोन-दोन वर्षं आरामात निघून जातात आणि लेकराला काही सांगता येत नाही म्हणून ते बोचकारतच राहतं.

शेवटी प्रवास. लग्नासाठी अकोल्याहून अमरावतीला गाडी करून निघालात. याच महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबराचा थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झालाय, तेव्हा अशा रस्त्यावर गाडी दोन मिनिटं थांबवणं बरं दिसत नाही. मूर्तिजापूर सोडताना मागच्या सीटवरून आवाज येईल, "शू." न रडता, न लोळता, दोनदा, अगदी स्वच्छ. म्हणा, "अमरावती आलीच आता." सीटवर टॉवेल घालून ठेवा, चड्डी पिशवीत वरच असू द्या, आणि मंडपात उतरल्यावर चार पाहुण्यांसमोर त्याला खडसावून विचारा, "काऊन रे बाबू, आधी सांगता येत नाई का?"