गिनी पिगची गादी

गिनी पिगच्या अंथरुणाचा खर्च प्राण्यापेक्षा मालकाच्या हौसेवर ठरतो. दुकानातल्या चकचकीत पिशवीवर देवदाराचा सुवास छापलेला असतो, आणि मालक हरखतो. हा सुवास म्हणजे लाकडातली उडनशील तेले. नाक जमिनीला लावून जगणाऱ्या प्राण्याच्या श्वसनमार्गाला ती त्रास देतात, पण पिशवी निवडताना त्याचे मत कोण विचारतो?

काटकसरी मालक वखारीतून पोतेभर भुसा फुकट उचलतो. त्यात सागाची बारीक धूळ, प्लायवूडचा गोंद आणि एखादा खिळाही येतो. फुकटच्या भुशाची किंमत मग पशुवैद्याकडे चुकती होते. मांजराच्या शौचपात्रातले गोळा होणारे दाणे तर नकोच. गिनी पिग दिसेल ते कुरतडतो आणि ते दाणे पोटात फुगतात. रद्दी स्वस्त खरी, पण एकटी वापरली तर लगेच भिजते. पायांना जखमा होतात म्हणून तारेची जाळी तळाला नसावी.

स्वस्तात मस्त उपाय जुन्या फ्लीसच्या चादरीचा. ती आधी दोन-तीनदा सॉफ्टनरविना धुवावी, म्हणजे मूत्र खाली झिरपते. खाली जुना टॉवेल घालावा. लेंड्या रोज झाडाव्यात, चादर तीन-चार दिवसांनी बदलावी. अमोनियाचा वास माणसाला येईपर्यंत थांबू नये. गवत मात्र वेगळे, ताजे आणि भरपूर द्यावे. ते जेवण आहे. गिनी पिग त्यावरच लोळतो आणि लघवीही तिथेच करतो, हा भाग वेगळा.