पडायलास कशाला रं?

पिवळा पट्टा मिळाल्यावर फोटो कुठल्या बाजूने काढायचा हे माझं ठरून गेलंय. डाव्या. उजवीकडून पोट जरा जास्तच मनमोकळं दिसतं. परीक्षा अजून व्हायची आहे, ती गोष्ट वेगळी. जुजुत्सूत पांढऱ्यानंतरचा हा पहिला पट्टा. आमच्या वर्गात तो पाचवी-सहावीची पोरं घेतात, आणि ज्याच्या निवृत्तीची चौकशी ऑफिसात आतापासून प्रेमाने होते, असा मी.

धाराशिवात राहून हे जपानी खूळ कुठून काढलं, असं लोक विचारतात. रास्त आहे. खो-खोसाठी 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे याच जिल्ह्यातली. 2023 साली शिवराज राक्षेने महाराष्ट्र केसरीची गदा उचलली तीही याच गावात. पण खो-खोत पळावं लागतं आणि तालमीत लंगोट लावावा लागतो. जुजुत्सूत अंग मनगटापासून घोट्यापर्यंत झाकलेलं राहतं. निवड या निकषावर झाली. फॉर्मवर मी ‘स्वसंरक्षण’ लिहिलं.

आता पट्ट्याविषयी. (वर्गात या विषयावर बोलायला सरांनी मला मनाई केली आहे, म्हणून इथे.) जपानच्या जुन्या जुजुत्सू घराण्यांत हे रंगीत प्रकरण नव्हतंच. विद्या आली की गुरू शिष्याला तसा कागद लिहून देत, गुंडाळी करून. मग जिगोरो कानो नावाच्या शिक्षकाने 1882 साली जुजुत्सूतून ज्यूदो काढला, ‘गो’ या पटावरच्या खेळातली ‘दान’ ही श्रेणी उचलली, आणि पुढे काळा पट्टा आला. पिवळा, नारिंगी, हिरवा ही रंगपंचमी मात्र रुळली युरोपात. 1930 च्या दशकात पॅरिसात शिकवायला गेलेल्या कावाइशी गुरुजींचा त्यात मोठा हात. फ्रेंच शिष्यांना वर्षानुवर्षं पांढरं राहायचा धीर नसावा. त्या अधीर माणसांवर माझा फार जीव आहे.

पांढरा पट्टा मळत मळत काळा होतो, ही दंतकथा तुम्ही ऐकली असेल. खरी असती तर आमच्या गल्लीतल्या गॅरेजच्या पोरांपुढे अख्ख्या जपानने वाकून ‘रेई’ केलं असतं. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे हा पट्टा पँट धरतच नाही! तो अंगरखा मिटून धरतो. पँटला आतून नाडी असते; आपली, पायजम्याची असते तीच. एक टोक धुण्यात आत जातं आणि वर्गाला निघायच्या वेळी ते सेफ्टी पिनेने ओढत बसावं लागतं. कानोंनी शिस्तीवर पुष्कळ विचार केला. नाडीपाशी त्यांचंही काही चाललं नसावं.

पट्ट्याला हळदीचा रंग हवाय म्हटल्यावर आई म्हणाली, “मग नळदुर्गाच्या खंडोबाला जाऊन ये की. भंडाऱ्यात आपोआप पिवळा होईल. फी कशाला?”

फी पडण्यासाठी. पहिल्या परीक्षेत निम्मं काम पडण्याचंच: मागे, कुशीवर, पुढे कोलांटी घेऊन. त्याला उकेमी म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, श्वास सोडायचा आणि अंगापासून थोडा लांब हात पसरून सतरंजीवर सपकन मारायचा. तळवा मागे टेकवायचा नाही. टेकवला की सगळं वजन मनगटावर. माझी जोडीदार सहावीतली आहे. मी कोसळलो की ती वरून सांगते, “काका, हनुवटी!”

घरी दोन गाद्या टाकून सराव करतो. प्रत्येक दणक्याला आतून आईचा आवाज येतो, “लागलं का रं?” मग, “पडायलास कशाला रं?”

मागच्या श्रावणात ती न्हाणीत घसरली होती. दोन दिवस कुणाला बोलली नाही. भाकरी थापताना मनगट सुजलेलं बायकोला दिसलं, तेव्हा कळलं. वर म्हणे, “तुमची कामं असतात.” मला तिचा राग आला. अजून येतो. तिचा म्हणण्यापेक्षा या घराचा, ज्यात बायकांनी पडायचं ते गुपचूप पडायचं आणि भाकरीचा नंबर चुकू द्यायचा नाही. आणि मी? पडायला महिन्याचे पैसे मोजतो, पडल्यावर गादी बडवून गल्ली उठवतो, आणि एवढ्यावर मला पट्टाही हवाय.

परवा ती दारात येऊन उभी राहिली. मी पडलो. ती बघत होती म्हणून जरा जास्तच झोकात पडलो. मग तिला समजावून सांगितलं की आपण घसरलो की हात मागे टेकतो आणि तिथेच मनगट जातं. दोन्ही हात मोकळे सोडायचे.

ती विचारात पडली. म्हणाली, “दोन्ही हात सोडल्यावर पदर कोण धरायचा?”

अभ्यासक्रमात याचं उत्तर नाही. सर माझ्याहून बरेच लहान आहेत, तरी धीर करून त्यांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुम्ही आधी हनुवटीचं बघा.”