हंगामी स्क्रू, कायम स्क्रू

(स्थळ : मोर्शीच्या तहसील कचेरीसमोरील चहाचे दुकान. आंबिया बहाराची तोड सुरू आहे. संत्रा बागायतदार उभे आहेत, कारण एकदा बसल्यावर त्यांना उठविण्यास दोन माणसे लागतात. निवृत्त नाझर बसलेले आहेत, कारण ते सेवेत असल्यापासून बसलेलेच आहेत.)

बागायतदार : नाझरसाहेब, नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या कमरेतील चवथ्या-पाचव्या मणक्यांसाठी दोन मार्ग सांगितले, एक, स्क्रू आणि सळ्या घालून दोन्ही मणके हाडाने कायमचे सांधून टाकायचे, आणि दुसरा, मध्ये लवचिक बंध घालून थोडीबहुत हालचाल शिल्लक राखायची. घरचे म्हणतात, तुमच्या स्वभावाला पहिलाच शोभतो.

नाझर : घरच्यांचा अभिप्राय मिसलीला जोडावा, अंमल मात्र त्यावर करू नये. सांधणीची वहिवाट जुनी आहे. न्यूयॉर्कच्या हिब्ज व आल्बी या शल्यविशारदांनी १९११ मध्येच ती प्रसिद्ध केली, आणि आल्बी तर नडगीचे हाड कापून पाठीत बसवीत.

बागायतदार : मग हरकत कोणाची?

नाझर : शेजाऱ्यांची. दोन मणके हलेनासे झाले, की त्यांच्या वाटणीचे वाकणे शेजारच्या मणक्यांच्या माथी येते आणि काही वर्षांनी तेही कुरकुरू लागण्याचा संभव असतो. म्हणूनच लवचिक पक्षाने उचल खाल्ली. ‘डायनेसिस’ नावाचा बंध १९९४ मध्ये प्रथम बसविला गेला : टायटॅनियमचे स्क्रू, त्यांना जोडणारी पॉलिएस्टरची दोरी आणि दोरीवर प्लास्टिकची नळी. पुढे झुकलात तर दोरी आवरते, मागे रेललात तर नळी आडवी येते. त्याही आधी, १९८४ मध्ये, बर्लिनच्या शारिते रुग्णालयात कृत्रिम गादीच बसविली होती. तिच्या दोघा जनकांपैकी कारिन ब्यूटनर-यांझ या बाई १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके जिंकलेल्या.

बागायतदार : तरीच! उभी तरुणाई कोलांट्यांत घालविलेल्या बाईंना कंबर सांधून टाकणे कसे मंजूर व्हावे? लवचिकच घालतो बाप्पा.

नाझर : सबूर. सांधणीतले स्क्रू हंगामी नोकर. सहा महिने-वर्षभरात हाड जुळले, की त्याच्याकडे चार्ज सोपवून ते नावापुरते उरतात. लवचिक बंधातल्या स्क्रूंचा चार्ज घ्यायला कोणी येतच नाही. तहहयात भार वाहायचा, म्हणून ते सैल पडण्याची धास्ती. आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये डायनेसिसला परवानगी दिली, ती सांधणीचा मदतनीस म्हणून!

बागायतदार : म्हणजे जिला टाळण्यासाठी नेमला, तिच्याच हाताखाली बदली?

नाझर : सरकारी खात्यात हे नवल नव्हे. शिवाय लवचिक बंधाने शेजारचा मणका खात्रीने वाचतो, हेही अद्याप शाबीत झालेले नाही. ते असो, भाऊसाहेब, पुढे वाकून आणि मागे वाकून काढलेले एक्स-रे दाखवा. मणका जागचा किती सरकतो हे त्यांवरून कळते, आणि फार सरकत असेल तर लवचिक पक्षाचा दावा तिथेच खारीज.

बागायतदार : तेवढे राहिले. फोटो काढणारा म्हणाला, वाका. मी म्हटले, बाबू, वाकता येत असते तर मोर्शीहून इथवर कशाला आलो असतो?