रिझर्व्हराव

गाडीच्या टाकीत पेट्रोल असावं, पण ते काट्याला कळू नये, अशी ज्यांची निष्ठा असते त्यांना आपण रिझर्व्हराव म्हणू. असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतोच. पेट्रोल पंपावर त्यांच्या तोंडून ‘फुल’ हा शब्द कधी निघत नाही. ‘पाचशेचं टाक’ म्हणत ते खाली उतरतात आणि पोऱ्याने ‘झिरो बघा’ म्हणण्याआधीच आकड्यासमोर जाऊन उभे राहतात. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला की इतरांच्या पोटात गोळा येतो, यांना मात्र हुरूप चढतो. ‘दिवा लागल्यावरही चाळीस किलोमीटर आरामात जाते,’ हे वाक्य ते पाहुण्यांना हमखास ऐकवतात, तेही पाहुण्यांची गाडी सुटायला वीस मिनिटं उरलेली असताना. लोक त्यांना कंजूष म्हणतात. माझ्या मते हा आरोप खोटा आहे. रिझर्व्हराव कंजूष नाहीत, ते जुन्या गाडीशी एकनिष्ठ आहेत, आणि ही निष्ठा त्यांना चांगलीच महाग पडते.

त्यांची सवय मुळात चुकीची नव्हती. 1983 साली आलेल्या मारुती 800 च्या पिढीत कार्ब्युरेटर होता आणि पेट्रोल खेचणारा पंप इंजिनालाच चिकटलेला असे. इंजिनातल्या कॅमने दांडी दाबायची, आतला पडदा वरखाली व्हायचा आणि टाकीतलं पेट्रोल पुढे यायचं. टाकी भरलेली आहे की तळाला गेली आहे, याच्याशी त्या पंपाच्या तब्येतीचा संबंध नव्हता. पडदा फाटलाच तर बॉनेट उघडून, दोन बोल्ट काढून मेकॅनिक तो चहा गार व्हायच्या आत बदलून देई. पुढे फ्युएल इंजेक्शन आलं. त्याला साधारण तीन-चार बार दाब हवा असतो, आणि तो देणारा विजेवरचा पंप थेट टाकीत बसवला गेला. पेट्रोल या पंपाच्या मोटारीतूनच वाहतं, तिला थंड ठेवतं, वंगणही तेच पुरवतं. थोडक्यात, पंप इंजिनाजवळून उठून मागच्या सीटखालच्या टाकीत मुक्कामाला गेला. रिझर्व्हराव मात्र होते तिथेच राहिले.

त्यांचे युक्तिवाद ऐकून घ्यायला हवेत. पहिला असा की भरलेल्या टाकीच्या वजनाने मायलेज घटतं. 35 लिटर पेट्रोलचं वजन जेमतेम 26 किलो. तेवढा ऐवज त्यांच्या डिकीत मोडक्या छत्र्या, जुनी रद्दी आणि गावाकडच्या तांदळाच्या रूपाने बारमाही फिरत असतो. दुसरा, भाव उतरेल तेव्हा भरू. जून 2017 पासून भाव रोज बदलू लागले, तेव्हापासून त्यांना रोजच आशा असते. पण टाकीच्या वरच्या अर्ध्या भागातून धावा की खालच्या, लिटर तितकेच जळतात; फार तर अर्ध्या टाकीचे पैसे एकदाच अडकून पडतात. तिसरा युक्तिवाद वजनदार आहे: नव्या गाड्यांत पंपाभोवती पेट्रोल साठवणारी वाटी असते, मग पंप उघडा पडतोच कुठे? बरोबर. म्हणूनच एकदा दिवा लागल्याने पंप जळत नाही. पण तळाशी उरलेलं थोडंसं पेट्रोल लवकर तापतं, आणि घाटातल्या वळणांवर ते टाकीच्या एका कडेला पळालं की वाटीलाही पुरवठा तुटतो. प्रश्न एका दिवसाचा नाही, बारमाही उपासाचा आहे. राहिली तळाच्या गाळाची भीती, तर ती इतरांनी त्यांना उगाच घालू नये. पंप नेहमी तळातूनच खेचतो.

पंप बिचारा आधी सांगून पाहतो. चावी फिरवली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक ‘गूंऽऽ’ ऐकू येतं, ते हळूहळू कण्हण्यासारखं होतं. खंबाटकी घाट चढताना गाडी आचके देते. ‘पेट्रोल भेसळीचं आहे,’ असं निदान करून रिझर्व्हराव पेट्रोल पंप बदलतात, फ्युएल पंप नाही. मग एके सकाळी स्टार्टर फिरतो, गाडी पेट घेत नाही. ते टाकीला खालून दोन बुक्के मारतात आणि गाडी चक्क सुरू होते. मोटारीचे झिजलेले ब्रश हादऱ्याने क्षणभर जागेवर येतात एवढंच. पण बुक्क्याने बरं झालेल्या रोग्याला दवाखान्यात न्यायला ते तयार होत नाहीत.

शेवटी गॅरेज येतंच. शहाणा मेकॅनिक आधी फ्यूज, रिले, कनेक्टरपर्यंत येणारी वीज आणि पेट्रोलचा दाब तपासतो, कारण यांतलं काहीही बिघडलं तरी लक्षणं तीच दिसतात. पंपच गेला असेल तर तो लाइनमधला दाब सोडवतो, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतो, झाकणावरची धूळ टाकीत पडू नये म्हणून नीट पुसतो आणि नवी रबरी रिंग मागवतो. ‘जुनी चांगली आहे की,’ असं रिझर्व्हराव म्हणतात. तेवढं मात्र ऐकू नये, नाहीतर गाडीत पेट्रोलचा वास कायमचा वस्तीला येतो. बाकी या कामात त्यांची आयुष्यभराची साधना एकदाच फळाला येते. पंप काढायचा तर टाकीत पेट्रोल जितकं कमी तितकं बरं. ‘बरं झालं साहेब, टाकी रिकामीच आणलीत,’ असं मेकॅनिक म्हणतो, आणि रिझर्व्हराव नव्या पंपाचं बिल प्रसन्न चेहऱ्याने भरतात.