जासूद वाटेत आहे

संगणकावरच्या ऐतिहासिक युद्धखेळात खेळाडूला जे वैभव मिळतं, ते कुठल्याच पेशव्याच्या वाट्याला आलं नव्हतं. २००९ साली आलेल्या 'एम्पायर : टोटल वॉर'मध्ये मराठ्यांचं राज्य घेऊन खेळता येतं. खेळ सुरू होतो १७०० मध्ये, आणि एकेक डाव सहा महिन्यांचा. फौजेला उत्तरेत पोचायला डावांमागून डाव लागतात. हुकूम मात्र माउसच्या एका टिचकीत पोचतो. माणसं, घोडी, तोफा सगळी इतिहासाच्या चालीने चालतात आणि आपला शब्द तेवढा नारदमुनींसारखा क्षणात त्रिभुवन हिंडून येतो.

माझा भाचा असले खेळ रात्र रात्र खेळतो. त्याच्यामागे उभा राहून पाहताना मला हेवा वाटतो तो त्याच्या राज्याचा नव्हे, खबरीचा. दिल्लीपाशी पाखरू फडफडलं तरी याला इकडे कळतं. मी सुचवून पाहिलं, की हुकूम जासुदाबरोबर धाडावा, तो पंधरवड्याने पोचावा, उत्तर महिन्याने यावं आणि तोवर पडद्यावर नुसता वाडा दिसावा. हौद, कारकून, दुपारचं ऊन. त्याने खेळ थांबवला आणि अदबीने विचारलं, "मग मामा, मी तोवर करायचं काय?" प्रश्न रास्त होता. पेशवाईतल्या कितीतरी कर्त्या माणसांना तो पडला असणार. त्यांनी हिशेब तपासले, लग्नं लावली, अनुष्ठानं बसवली आणि मग आणखी एक पत्र लिहिलं.

प्रशियातल्या रायस्वित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने मात्र हा उशीर खेळात आणून दाखवला. त्याने १८२४ मध्ये लष्करापुढे मांडलेल्या 'क्रीगस्पील'मध्ये हुकूम कागदावर लिहून पंचाच्या हाती द्यायचा. स्वाराला तेवढी वाट तुडवायला किती वेळ लागेल याचा हिशेब करून पंच तो लागू करी. अलीकडच्या 'स्कर्ज ऑफ वॉर' मालिकेतही स्वारांकरवी हुकूम धाडता येतात. उशिराची हौस असणारी माणसं जगात आहेत तर! मी त्यांच्या बाजूचा. उशीर आला की दुसऱ्यावर विसंबणं आलं. दूरच्या सरदाराला नुसतं 'असं कर' लिहून भागत नाही, 'प्रसंग पाहून करा' असं लिहावं लागतं. मग तो कसा आहे, उतावळा की रुसका, याचा विचार करावा लागतो. बिनचेहऱ्याच्या सोंगट्यांना स्वभाव फुटतो तो असा.

आमच्या घरी पोस्टकार्ड आलं की मोठी माणसं मजकुराआधी तारीख पाहत. 'सर्व खुशाल' हे चार-पाच दिवसांपूर्वीचं खुशाल आहे, हे त्यांना ठाऊक असे. तरी ती हसत, कार्ड तारेला टोचून ठेवत आणि कामाला लागत.

ही सवय पानिपताच्या वेळी किती लागली असेल! मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब कुंजपुऱ्याकडे असताना, १७६० च्या ऑक्टोबरअखेरीस अब्दाली बागपतापाशी भरली यमुना उतरून आला आणि मराठ्यांची दिल्लीची वाट अडली. अंतर काही मजलांचंच होतं, पण खबर वेळेत पोचली नाही. खेळात पडद्याच्या कोपऱ्यात घंटा वाजली असती.

लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. भेलशाच्या मुक्कामी, २४ जानेवारीच्या सुमारास, एका सावकाराचं पत्र त्यांच्या हाती पडलं असं सांगतात. त्यात दोन मोती गेल्याचं, मोहरा हरवल्याचं आणि मोजदाद नसलेल्या खुर्द्याचं लिहिलं होतं. व्यापाऱ्याच्या भाषेत एवढा मोठा शोक क्वचितच कुणी बांधला असेल. पण मला राहून राहून आठवतात ते मधले दहा दिवस. त्या दहा दिवसांत, लढाईत पडलेले नानासाहेबांचे चिरंजीव विश्वासराव छावणीपुरते जिवंत होते. बापाने त्यांच्यासाठी काही बेत केले असतील, भेट झाली की काय काय विचारायचं ते मनाशी जुळवलं असेल, कदाचित रागावायचंही ठरवलं असेल.

आपल्याकडे आता खेळ बनवणारी हुशार मुलं पुष्कळ आहेत. त्यांतल्या कुणी कधी पानिपत करायला घेतलंच, तर तोफा आणि धूळ हवी तशी रंगवावी. फक्त नानासाहेबांच्या नकाशावरची विश्वासरावांची सोंगटी २४ जानेवारीपर्यंत काढू नये, आणि ते दहा दिवस ओलांडून पुढे जायचं बटण कृपा करून देऊ नये.