मा. सेंटरसाहेब यांस, सविनय

मा. सेंटरसाहेब,
मुक्काम : बास्केटखाली, यवतमाळ

पत्र उघडंच पाठवतोय, कारण बंद पाकीट आपल्या हातात टिकेल याची खात्री नाही. चेंडू टिकत नाही.

सतराव्या वर्षी सहा फूट चार इंच म्हणजे गंमत नव्हे. शालेय स्पर्धेत आपण उतरलात की पुसद-दारव्ह्याचे पोट्टे मान वर करूनच हरतात. पण मग शॉट हुकतो, चेंडू रिंगवरून उडतो आणि आपण दोन्ही हात वर करून उभे. पूर्वी लोक यवतमाळ स्टेशनावर शकुंतला रेल्वेगाडीची वाट बघत उभे राहायचे तसे, येईल तेव्हा येईल. तोवर दिग्रसचा साडेपाच फुटी गार्ड आपल्या काखेखालून चेंडू घेऊन पसार झालेला असतो.

बाहेरून कुणीतरी ओरडतं, "अबे, उडी मार ना बे!" त्यांचं ऐकू नका. उडीचा नंबर फार नंतर. शॉट सुटला की आधी आपला माणूस शोधायचा, त्याच्याकडे पाठ करायची, गुडघे वाकवून, कंबर टेकवून त्याला मागे दाबायचं. याला बॉक्स आउट म्हणतात. आपण मात्र तोंड वर करून चेंडूचं दर्शन घेता. कोपऱ्यातून मारलेला शॉट हुकला तर बहुतेकदा पलीकडच्या बाजूला पडतो. आपण अलीकडे उभे असता, कारण सावली तिकडे असते. डेनिस रॉडमन सहा फूट सात इंचांचा. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये बोर्डाखालच्या खेळाडूला ही उंची ठेंगणीच. तरी 1991-92 पासून सलग सात हंगाम सरासरी रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेला चेंडू पकडण्यात, तो पहिला. सोबत्यांचा चेंडू हवेत किती गिरक्या घेतो, हे तो सराव चालू असताना बघत बसायचा. आपण सरावात मोबाइल बघता. निरीक्षण दोघांचंही दांडगं.

दोष सगळा आपला नाही. मी टेबलावर बसून स्कोअरशीट भरतो. त्यात गुण लिहायला जागा आहे, फाउल लिहायला आहे, टाइमआउटलाही आहे. रिबाउंडला रकानाच नाही. एनबीए 1950-51 पासून रिबाउंड मोजते. आपल्या सामन्यात ते मोजायला वेगळा माणूस बसवावा लागतो, आणि आपल्याकडे असा जो एक माणूस असतो, तो चहा आणायला गेलेला असतो. उंची मात्र प्रत्येक निवड चाचणीत भिंतीला टेकवून मोजतात. दरवर्षी. जे मोजतात तेच आपण वाढवलंत, यात आपलं काय चुकलं?

आपल्या काकांनी चौकात जाहीर केलंय की पोरगा एनबीएत जाणार. त्यांना सतनामसिंगांची गोष्ट जरूर सांगा. पंजाबातल्या बल्लो के गावचे, सात फूट दोन इंच, चौदाव्या वर्षी अमेरिकेतल्या अकादमीत. 2015 साली डॅलस मॅव्हरिक्सनी त्यांना बावन्नाव्या क्रमांकावर निवडलं. भारतात जन्मलेल्या खेळाडूची ती पहिलीच निवड. एनबीएच्या मुख्य हंगामात मात्र एकही सामना मिळाला नाही. पुढे ते अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीत उतरले. सात फूट दोन इंचांचं हे झालं. आपल्याला दहा इंच कमी आहेत, म्हणजे काकांचा हिशेब काय आहे तो त्यांनाच ठाऊक.

देशात लीग निघतात आणि बंद पडतात. टिकते ती नोकरी. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, पोलीस : भारतातला बास्केटबॉल यांच्या पगारपत्रकावर उभा आहे. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, पण खेळायची रेल्वेकडून. तेव्हा आपणही रेल्वेचं लक्ष्य ठेवा. यवतमाळच्या माणसाने रेल्वेत जायचं म्हणजे धाडसच. फेब्रुवारी 2024 मध्ये वर्धा-कळंब गाडीला झेंडी दाखवली, म्हणजे यवतमाळच्या अलीकडेच. (जिल्ह्यातल्या वणीकरांनी रागावू नये, त्यांच्याकडून गाडी केव्हाची जाते.) शिवाय रेल्वेची निवड समिती आपली उंची दारातूनच बघून घेईल आणि मग विचारेल, बोर्डाखालून चेंडू किती काढता?

आपला नम्र,
टेबलावरचा स्कोअरर

ता. क. : बॉक्स आउट शिकताना कोपरं आवरा. पाचवा फाउल मीच लिहितो, आणि त्याला रकाना आहे.